बिघाड आपल्याला दिसतोय, कंपनी मात्र त्यावर अवाक्षर काढत नाही

पेठेतला विंगर (धागाकर्ता)

कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या फुटबॉल गेम खेळणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथले बहुतेकजण तोच खेळतात, त्यामुळे कळायचं त्याला कळेल, आणि मला कुणा एका कंपनीच्या नावानं शिमगा करायचा नाही. मला बोलायचंय ते वागणुकीबद्दल.

मागच्या मोठ्या अपडेटपासून ऑनलाइन मॅचमध्ये बटण दाबल्यावर पास सुटायला जो उशीर होतोय, तो तुम्हीही बघितला असेल. ऑफलाइन खेळलं तर तोच खेळाडू, तोच पास, एकदम सुरळीत. ऑनलाइन गेलं की आपला डिफेंडर वळेपर्यंत समोरचा गोलकीपरसमोर पोचलेला असतो. दर मॅचला होत नाही. रात्री जास्त होतं, सकाळी कमी. त्यात मॅच मध्येच तुटली तर दोन्ही बाजूंना हार मोजली जाते. आठवडाभर खेळून वर चढवलेली रँक अशी खाली येते.

बिघाड होणारच, ते मला मान्य आहे. एवढा मोठा गेम, इतके लोक एका वेळी खेळतात. मला झोंबतंय ते वेगळंच. या सगळ्या काळात कंपनीच्या अधिकृत पानांवर रोज न चुकता पोस्ट पडते. नवं कार्ड (म्हणजे संघात घ्यायचा खेळाडू), जुना दिग्गज, अमुक पॅक (विकत घ्यायचा संच) तमुक तारखेपर्यंत. म्हणजे विक्रीबद्दल बोलायला माणूस बसवलाय आणि बिघाडाबद्दल बोलायला कुणी नाही. खाली शेकडो लोक एकच प्रश्न विचारतात, त्याला उत्तर नाही. अपडेटच्या माहितीत शेवटी एक ओळ असते, 'इतर काही त्रुटी दुरुस्त केल्या आहेत'. कुठल्या त्रुटी? आमची त्यात होती का? सपोर्टला लिहिलं तर इंटरनेट तपासा, गेम काढून पुन्हा टाका, असं ठरलेलं उत्तर येतं.

ज्या गावात शाहू स्टेडियमवर लीगच्या मॅचला भर उन्हात लोक दाटीनं बसतात, वर्ल्ड कप आला की चौकाचौकात ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात, त्या गावातली पोरं हा गेम नुसता वेळ घालवायला खेळत नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या इथल्या संघांच्या मॅचवर जसे वाद घालतात, तसेच या गेममधल्या मॅचवर घालतात. जीव लावून खेळणाऱ्याला 'तुझंच नेट खराब असेल' म्हणून वाटेला लावणं मला सहन होत नाही.

तुमच्याकडं काय होतंय ते लिहा. आणि कंपनीकडं नेमकं काय मागायचं, त्यावर बोलूया.

नववी गल्ली गेमिंग

भावा, बरं झालं धागा काढलास. माझं राजारामपुरीत गेमिंग पार्लर आहे, त्यामुळं माझं रडगाणं जरा वेगळं आहे.

गिऱ्हाईक तासावर पैसे देतं. पास अडकला की ते कंपनीला शिव्या देत नाही, मला म्हणतं, "मालक, तुमचं नेट बोगस आहे." मी वायरवाल्याला बोलावलं, त्यानं लाइन तपासली, काही सापडलं नाही. राउटर बदलला. सगळ्या कन्सोलला वाय-फाय काढून केबल ओढली. तरी तक्रार चालूच म्हटल्यावर कंट्रोलर खराब झाले असतील म्हणून नवीन आणले. एका कंट्रोलरचा भाव तुम्हाला माहीत आहे. आणि हे सगळं करून पास अडकायचा तो अडकतोच.

कंपनीनं एक ओळ टाकली असती, 'ऑनलाइन मॅचमध्ये उशीर होतोय, आम्हाला माहीत आहे, काम चालू आहे,' तर माझे हे सगळे पैसे वाचले असते. ती ओळ मी छापून भिंतीवर लावली असती आणि गिऱ्हाइकाला दाखवली असती. गप्प बसल्यानं कंपनीचं काही गेलं नाही, भुर्दंड मला बसला. एवढंच मला सांगायचंय.

आणखी एक. दर शनिवारची आमची छोटी लीग ऑनलाइन बंद करून एकाच कन्सोलवर समोरासमोर घेतली. एकाही मॅचला पास अडकला नाही. कंट्रोलर तेच, टीव्ही तोच.

सरळ बोलतो

राग मानू नका, पण गेम फुकट आहे ना? फुकटच्या गोष्टीवर एवढा हक्क कसा सांगायचा? नाही आवडलं तर डिलीट करा, दुसरा खेळा.

पेठेतला विंगर

@सरळ बोलतो, डाउनलोड फुकट आहे, गेम नाही. आत गेलं की प्रत्येक पावलाला पॅक, कॉइन, सीझन पास. आपल्यातल्या किती जणांनी त्यात पैसे घातलेत ते तुला माहीत आहे. ज्यांनी रुपया घातला नाही ते सुद्धा समोरच्या पैसेवाल्याला मॅच मिळावी म्हणून तिथं असतातच की. मैदानात दुसरी टीमच नसेल तर पहिलीनं विकत घेतलेला स्ट्रायकर कुणापुढं पळणार?

आणि दुसरा खेळायचं म्हणशील तर दुसरा कुठाय? खऱ्या संघांची, खेळाडूंची नावं घेऊन चालणारे मोठे फुटबॉल गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परवाने त्यांच्याकडं, म्हणून आपण त्यांच्याकडं.

मास्टर लीगवाला

जरा जुनं काढतो, कारण आत्ता जे चाललंय ते मी एकदा जवळून बघितलंय.

आमची पिढी कोनामी कंपनीच्या पीईएस या फुटबॉल गेमवर वाढली. सायबर कॅफेत एका कीबोर्डवर दोघं खेळायचो. मास्टर लीगमध्ये कुणी ओळखत नसलेले खेळाडू घेऊन वर्षानुवर्षं संघ बांधायचा, तो नाद काही औरच होता. २०२१ च्या जुलैमध्ये कोनामीनं जाहीर केलं की पीईएस हे नाव संपलं, यापुढं ईफुटबॉल, आणि तो फुकट. ३० सप्टेंबर २०२१ ला गेम आला. आत जेमतेम ९ संघ. खेळाडूंचे चेहरे असे की जगभर त्यांची चित्रं फिरली. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, तो सगळ्यात वाईट शेरे मिळालेल्या गेमच्या यादीत जाऊन बसला.

आता यातलं लक्षात ठेवण्यासारखं काय? दुसऱ्याच दिवशी कोनामीनं जाहीर माफी मागितली. अडचणी मान्य केल्या, ऑक्टोबरमध्ये अपडेट देतो म्हणाले. ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलं. मोठी १.० आवृत्ती ११ नोव्हेंबरला यायची होती. ती पुढच्या वसंतावर ढकलली, आणि ज्यांनी तिच्याबरोबरचा पॅक आगाऊ घेतला होता त्यांचे पैसे परत केले. शेवटी १४ एप्रिल २०२२ ला ती आली. माझा राग तेव्हाही होता, पण तो राग कुठं उभा आहे हे मला कळत होतं. अडचण मान्य आहे, गेम लांबलाय, पैसे परत मिळतायत, एवढं समोर होतं. तारीख हुकली तेही त्यांनीच सांगितलं.

मास्टर लीगच्या बाबतीत मात्र उलटं झालं. नंतर पैसे घेऊन देऊ म्हणाले, मग वाट बघा म्हणाले. २०२३ संपलं तरी पत्ता नव्हता. ज्या गोष्टीसाठी आम्ही त्या गेमवर जीव टाकला, तिच्याबद्दल नुसतं थांबा. 'नाही देणार' असं सरळ सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी जुना गेम काढून गुपचूप माझी लीग खेळलो असतो. वाट बघायला लावणं हे नकारापेक्षा वाईट असतं, कारण त्यात तुमची वर्षं जातात.

एक ध्यानात घ्या. त्याच कंपनीनं एकीकडं माफी मागून दाखवली, दुसरीकडं गप्प बसून. म्हणजे बोलता येतं. न बोलणं हे ठरवून होतं.

बिल्ड नंबर

मी मूळ इचलकरंजीचा, पुण्यात गेम टेस्टिंगमध्ये आहे. या गेमवर काम केलेलं नाही, त्यामुळे आतली बातमी माझ्याकडे नाही. पण स्टुडिओ गप्प का बसतात ते सांगू शकतो. 'ठरवून' म्हणणं अर्धं बरोबर आहे.

पहिलं म्हणजे असा कधी येणारा, कधी न येणारा बिघाड पकडणं फार अवघड असतं. टेस्टरला तो हुकमी घडवून दाखवावा लागतो. तो घडत नाही तोवर प्रोग्रॅमरच्या हातात धरायला काही नसतं. उशीर बटणाचा, टीव्हीचा, नेटचा, सर्व्हरचा की गेमच्या हिशेबाचा, हेच आधी वेगळं करावं लागतं. आणि ते झाल्याशिवाय 'आमची चूक आहे' असं कुणी लिहून देत नाही.

दुसरं, कंपनीच्या खात्यावरून जाणारं प्रत्येक वाक्य चार टेबलांवरून फिरतं. मार्केटिंग, कायदा, प्रकाशक, कधी परवाना देणारी लीग. नव्या कार्डाची जाहिरात महिनाभर आधी मंजूर होऊन ठरल्या वेळी आपोआप पडते. बिघाडाचं वाक्य आजच्या आज लिहायचं असतं आणि त्यावर सही करायला कुणी तयार नसतं. म्हणून तुम्हाला जाहिरात दिसते आणि उत्तर दिसत नाही.

तिसरं, कन्सोलवर जाणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, आधी सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जातो. तो तिथे अडकला तर तारीख हुकते, आणि हुकलेल्या तारखेवर लोक तारीख न देण्यापेक्षा जास्त तुटून पडतात. म्हणून वरचे म्हणतात, काही बोलूच नका. काही बदल सर्व्हरवरूनच करता येतात, त्यांना हे लागत नाही, पण ते कुठले हे बाहेरून कळत नाही.

ही सगळी कारणं खरी आहेत. तरी मी टेस्टर म्हणून सांगतो, 'आम्हाला माहीत असलेल्या अडचणी' अशी साधी यादी जाहीर ठेवायला यातलं काहीही आडवं येत नाही. कितीतरी स्टुडिओ ठेवतात. ईए या कंपनीच्या फुटबॉल गेमला 'पिच नोट्स' म्हणून काय बदललं, का बदललं याची लांबलचक टिपणं येतात. लोक त्यावरही भांडतात, पण निदान भांडायला काहीतरी समोर असतं.

चिखलीकर

@बिल्ड नंबर, तारीख देता येत नाही म्हणून बोलतच नाहीत, हे मला पटत नाही. मी प्रयाग चिखलीची. आमच्या गावाला पूर नवा नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आम्ही जनावरं हलवत काढलाय.

पाऊस चालू असताना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात सारखी जाहीर होत असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी कधी उतरणार हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आम्ही ते विचारतही नाही. आत्ता किती आहे, चढतंय की थांबलंय, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडलेत, एवढं कळलं की गोठा आज सोडायचा की उद्या, हे घरातलं माणूस आपलं आपण ठरवतं. पातळीच कळली नसती तर भीतीनं माणूस वेडा झाला असता.

आपल्यालाही तेवढंच पाहिजे. तारीख नको, पातळी सांगा. तुम्हाला बिघाड सापडलाय का? नसेल तर 'सापडला नाही, शोधतोय' लिहा. सापडलाय तर 'सापडला, दुरुस्ती तपासतोय' लिहा. बाकी आम्ही आमचं ठरवतो, रँकच्या मॅच खेळायच्या की नाही, सीझन पास घ्यायचा की नाही.

बिल्ड नंबर

@चिखलीकर, हे मी आमच्या ऑफिसात जसंच्या तसं सांगणार आहे. खरंच.

शुक्रवार पेठ

मी स्वतः खेळत नाही, मुलगा खेळतो. दहावीला आहे. त्यानं वाढदिवसाला आलेल्या पैशांतून, मला विचारून, एक पॅक घेतला. पैसे खात्यातून गेले, पॅक आला नाही. पोरगं रडकुंडीला आलं.

मी सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, इंग्रजीत, की तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. पुढं काही नाही. पुन्हा लिहिलं तर नवीन तक्रार क्रमांक आला आणि तेच वाक्य आलं. पावती जोडली, बँकेचा मेसेज जोडला. माणूस बोलतोय की यंत्र, हेच कळत नाही. रक्कम फार मोठी नाही, पण मुलाच्या मनात बसलं की आई मोठी असून हिलाही कुणी दाद देत नाही. ते मला लागलं.

इथं कुणाला माहीत असेल तर सांगा, पुढं काय करायचं?

फिर्यादी बाजू

ताई, मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमची तक्रार इथल्या बाकीच्यांपेक्षा पक्की आहे, कारण पैसे गेले आणि वस्तू आली नाही. पास उशिरा सुटतो हे सिद्ध करायला अवघड, तुमचं सोपं.

सगळ्यात आधी ज्या दुकानातून पैसे कापले गेले तिथं जा, म्हणजे मोबाइलच्या अ‍ॅप स्टोअरवर. गूगल प्लेवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत थेट परतावा मागता येतो, त्यानंतर ते गेम बनवणाऱ्याकडं बोट दाखवतात. तुमचे ४८ तास उलटून गेले असणार, तरी विनंती टाकून ठेवा, नोंद राहते. स्टीमवाल्यांसाठी सांगून ठेवतो, तिथं गेम परत करायला १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असणं, ही अट आहे.

मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्याखालचे ई-कॉमर्स नियम २०२० चे आहेत. त्यात डिजिटल वस्तूही येतात, आणि परदेशी कंपनी भारतातल्या ग्राहकाला पद्धतशीर माल विकत असेल तर तीही येते. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. तेव्हा पुढच्या ईमेलमध्ये 'तक्रार निवारण अधिकारी' असा पत्ता घालून या नियमांचा उल्लेख करा. सपोर्टचा चॅट आणि ही तक्रार यांत फरक पडतो.

तरी नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबई-दिल्लीला जायला लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. वकीलही लागत नाही. कागद नीट लावायला मी मदत करतो, मेसेज करा.

शुक्रवार पेठ

आभारी आहे बाळा. आजच पाठवते. मुलाला शेजारी बसवूनच लिहिणार आहे.

डावा पाय

एवढं सभ्य वागून काही होणार नाही. कंपनीच्या वतीनं खेळाडूंशी बोलणाऱ्या त्या कम्युनिटी मॅनेजरच्या खात्यावर सगळ्यांनी मिळून तुटून पडूया. रोज शंभर पोरांनी शिव्या घातल्या की जाग येते बघा.

टॅक्टिक्स बोर्ड

@डावा पाय, असलं काही करू नकोस लगा. ज्याच्या खात्यावर तू शिव्या घालणार, त्याला सर्व्हरच्या खोलीची किल्ली कुणी दिलेली नसते. तो पगारी माणूस, वरून मंजूर झालेलं टाकतो. तू त्याला छळलंस की तो खातं बंद करून जाईल आणि जे काय थोडंफार कळत होतं तेही बंद होईल. वर कंपनीला सांगायला कारण मिळेल, बघा, खेळाडूच असले आहेत, म्हणून आम्ही बोलत नाही.

राग मलाही येतो. मी फुटबॉल मॅनेजर खेळतो, संघ चालवायचा गेम. त्यातल्या लोकांनी तर पूर्ण हंगाम गमावलाय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं, नवा गेम मार्च २०२५ ला येईल. लोक थांबले, कित्येकांनी आगाऊ पैसे भरले. मग ६ फेब्रुवारी २०२५ ला जाहीर झालं, हा गेम येणारच नाही, आता थेट पुढचा. आधीच्या गेममध्ये नव्या हंगामाचे खेळाडूही भरून देणार नाही. आगाऊ भरलेले पैसे परत दिले, ते ठीक.

पण त्याच निवेदनात एक वाक्य होतं, की कायदेशीर आणि आर्थिक नियमांमुळं याच्या आधी सांगता आलं नाही. तो बनवणारा स्टुडिओ सेगा कंपनीच्या मालकीचा, सेगाचा समूह शेअर बाजारात. त्यामुळं असल्या बातम्या हव्या तेव्हा बाहेर सोडता येत नाहीत. ते वाचून माझा राग गेला नाही, पण महिनोन्‌महिने गप्प का होते याचं कारण तरी कळलं. आणि मला वाटतं, त्यांनी ते आधी अर्ध्या वाक्यात सांगायला हवं होतं. 'काम अडचणीत आहे, सविस्तर सांगायला आम्हाला परवानगी नाही,' एवढं बोललं तरी लोक आगाऊ पैसे भरायचे थांबले असते. पुढचा गेम ४ नोव्हेंबर २०२५ ला आला, त्यातही नव्या मांडणीवरून लोक वैतागले. तो वेगळा विषय.

म्हणून शिव्या नकोत. आणि गप्पही बसायला नको.

डावा पाय

बरं. मग करायचं काय ते सांगा. मी तयार आहे.

बिल्ड नंबर

करायचं हे. पुरावा असा द्यायचा की तो टेस्टरला उचलून थेट वापरता येईल.

बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन कॅमेरा असतो. कंट्रोलरवरचं बोट आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल लावा. पास दाबा. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा. बोट खाली गेलं त्या फ्रेमपासून पायानं चेंडू सोडायची हालचाल सुरू होते त्या फ्रेमपर्यंत मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. हेच ऑफलाइन मॅचमध्ये, मग त्याच टीव्हीवर, त्याच कंट्रोलरवर, त्याच खेळाडूनं ऑनलाइन करा. टीव्ही आणि कंट्रोलरमुळे होणारा उशीर दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे जो फरक उरेल तो नेटचा किंवा गेमचा. मॅचमध्ये दिसणारा पिंग, म्हणजे नेटवरून सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, तो पण टिपून ठेवा. पिंग कमी असताना सुद्धा उशीर वाढत असेल तर 'तुमचं इंटरनेट तपासा' हे उत्तर त्यांना देता येणार नाही.

एकाच पासवर थांबू नका, पुष्कळ मोजा, सकाळी आणि रात्री वेगवेगळे. टीव्ही गेम मोडवर ठेवा. गेमची आवृत्ती, कन्सोलचं मॉडेल, तारीख, वेळ हे सगळं लिहा. ज्या मॅचमध्ये काहीच उशीर झाला नाही तीही नोंदवा, ती गाळली तर अख्ख्या नोंदीवरचा विश्वास जातो.

नववी गल्ली गेमिंग

माझ्याकडं दोन कन्सोल, दोन टीव्ही, केबलचं नेट. सकाळी ११ पर्यंत पार्लर मोकळं असतं. जागा माझी, तासाचे पैसे नकोत. रात्रीचं मोजायचं असेल तर बंद झाल्यावर या.

पेठेतला विंगर

मग पत्र लिहूया. कच्चं इथं टाकतो, सुधारा.

'आम्ही कोल्हापूर आणि परिसरातले तुमचे खेळाडू. सोबत ऑनलाइन आणि ऑफलाइन मॅचमधल्या उशिराची मोजणी आणि व्हिडिओ जोडले आहेत. हा बिघाड तुम्हाला माहीत आहे का, हे आम्हाला कळवा. माहीत असेल तर तो शोधण्याच्या टप्प्यावर आहे की दुरुस्तीच्या, ते जाहीर लिहा. दुरुस्तीची तारीख आम्ही मागत नाही. माहीत असलेल्या अडचणींची यादी गेमच्या आतच, बातम्यांच्या पानावर ठेवा आणि ती बदलेल तशी बदला. मॅच सर्व्हरमुळे तुटली असेल तर दोन्ही खेळाडूंच्या नावावर हार लावू नका. पैसे घेऊन वस्तू न मिळाल्याच्या तक्रारीला माणसाकडून उत्तर द्या.'

चिखलीकर

यादीवर शेवटचा बदल कधी केला ती तारीख पण टाकायला सांग. नाहीतर एकदा लिहून वर्षभर तशीच ठेवतील. आणि काही सापडलं नसेल तर तेही लिहा, हे वाक्य घाल.

मास्टर लीगवाला

आणि जे देणारच नाही ते देणार नाही म्हणून लिहा, हेही घाल. माझ्यासारखे अजून पुष्कळ आहेत.

सरळ बोलतो

पत्र वाचलं. फुकटच्या गेमवर हक्क सांगण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण यात हक्कापेक्षा माहिती मागितली आहे, आणि ती मागायला हरकत नाही. माझी सही घ्या. इंग्रजी मी करून देतो, ऑफिसात तेच करतो.

फिर्यादी बाजू

सहीला फक्त गेममधलं नाव द्या, फोन नंबर किंवा पत्ता कुणीही टाकू नका. ताईंची तक्रार यात घालू नका, ती वेगळी आणि त्यांच्याच नावानं जाऊ दे, नाहीतर दोन्ही लटकतील. पाठवल्याबरोबर तारखेसकट स्क्रीनशॉट काढून इथं टाका, ४८ तास तिथून मोजायचे.

शुक्रवार पेठ

माझं ईमेल गेलं. पोच अजून आलेली नाही. आली की इथं लिहिते, नाही आली तरी लिहिते.

डावा पाय

मी येत्या शनिवारी सकाळी मोजायला येतो. माझ्या मोबाइलला २४० फ्रेम आहे. स्टँड कुणाकडं आहे का?

नववी गल्ली गेमिंग

स्टँड आहे. दोन नंबरचा कन्सोल तुमच्यासाठी ठेवतो. केबलचा कंट्रोलर असेल तर घेऊन या, माझ्याकडचे सगळे ब्लूटूथचे आहेत.

बिल्ड नंबर

दोन्ही कंट्रोलरनी मोजा, नोंद वेगवेगळी ठेवा. पहिले व्हिडिओ मला पाठवा, फ्रेम मोजून बघतो. चौकट चुकत असेल तर लगेच सांगतो, म्हणजे बाकीचे परत करायला लागणार नाहीत.